खदानीत उतरण्याआधीची निरवानिरव

मागच्या महिन्यात एका मंगळवारी भर दुपारी, खदानीच्या पश्चिमेकडच्या काठाला, बेशरमाच्या झुडपात अडकलेला एक कटला मासा मी उचलला. तो अजून जिवंत होता आणि त्याच्या पाठीवरची कातडी माझ्या बोटांना लागून निघून आली. तिथून माझे सगळे बदलले. हे मृत्युपत्र त्यामुळेच लिहावे लागत आहे.

मी, शिशिर अनंतराव मोहरील, वय बावीस, शिक्षण इंजिनिअरिंगची दोन वर्षे (पुढे सोडले), धंदा सध्या काही नाही, राहणार रेल्वे क्वार्टर, रायपूर, छत्तीसगड, हे माझे पहिलेच मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. माझी बुद्धी शाबूत आहे. मी नशा केलेली नाही. कोणी धाक घातला म्हणून हे लिहीत नाही. धाक घातलेला आहे, पण तो वेगळ्या कारणाने, खुलासा पुढे येईल. प्रकृती ठीक आहे, फक्त कालपासून अन्न घशाखाली जात नाही आणि तळहात सारखे ओले होतात, म्हणून काही अक्षरे पसरली आहेत. ती खाडाखोड समजू नये.

शेजारच्या विमलाकाकू कोर्टात टायपिस्ट होत्या. त्यांना नमुना विचारायला गेलो.

"मालमत्ता काय आहे रे तुही?"

"मोटरसायकल आहे."

"कोणाच्या नावावर?"

"बाबांच्या."

"मंग ते बाबांची. अजून?"

"गळ आहेत, काकू. चार काठ्या, दोन रीळ."

"अन् त्याच्यासाठी मृत्युपत्र करून राहिला? लग्न तरी करायचं होतं आधी."

मग माझ्या तोंडाकडे पाहून त्यांनी हसणे थांबवले. म्हणाल्या, जवान पोराचे मृत्युपत्र असेल तर कारण लिही, नाहीतर लोक भलतेच समजतात. पोहता येते का तेही विचारले. मी हो म्हटले. काकू, हे तुमच्या वाचनात येईल तेव्हा माफ करा. मला पोहता येत नाही.

कलम १. कारण. आज रविवारी सकाळी मी अभनपुरच्या रस्त्यावरच्या जुन्या खदानीच्या पाण्यात उतरणार आहे आणि तिथल्या गळ-स्पर्धेतल्या सगळ्या थैल्यांचे नाडे सोडणार आहे. यात मी बुडालो तर तो अपघात समजावा. जीव द्यायला मी जात नाही. मला जगायचे आहे, आणि कालपासून तर फारच.

ज्यांना स्पर्धा माहीत नाही त्यांच्यासाठी. दगड काढून सोडून दिलेली ती खदान पाण्याने भरली आहे. कडा सरळ उभ्या, काठ संपला की पायाखाली काही नाही. निरंजनदादाने ती ठेक्याने घेऊन त्यात रोहू, कटला सोडले. दर रविवारी सकाळी लोक आपापल्या जागेवर गळ टाकून बसतात. मिळालेला मासा थैलीत जातो. थैली म्हणजे बांधकामावर बांधतात त्या हिरव्या जाळीची शिवलेली पिशवी, वर लोखंडी कडी, खाली नाडा, पायजम्याला असतो तसा. ती काठावरून पाण्यात सोडून ठेवतात. बाराला शिट्टी होते, थैल्या बाहेर येतात, वजन होते, फोटो होतो, नाडा ओढून मासे परत पाण्यात. मेलेला मासा वजनात धरत नाहीत. म्हणून शिट्टीआधी प्रत्येक जण शेपटी धरून माशाला पाण्यात मागेपुढे हलवतो, त्याचे कल्ले चालू करतो. वजनापुरता तो जिवंत राहिला म्हणजे झाले.

आधी असे नव्हते. आधी मासा डोक्यावर दांडक्याने मारायचे आणि घरी नेऊन रस्सा करायचे. सोडून देण्याचा नियम दोन वर्षांपूर्वी आला. तो मी आणला. कोणासाठी आणला ते कलम तीनमध्ये आहे, मला इथे लिहवत नाही.

त्या मंगळवारी मी खदानीवर गेलो ते एका कानातल्यासाठी. गंधालीचे रविवारी तिथे पडले होते. म्हटले शोधून नेऊन द्यावे, तेवढेच बोलणे होईल. कानातले सापडले नाही. वारा पश्चिमेकडे लोटत होता आणि सगळे मासे तिकडेच झुडपात जमले होते. मेलेले होतेच, पण मेलेल्यांचे मला एवढे वाटले नाही. जे मेले नव्हते ते पाहवेनात. जाळीने घासून खवले गेलेले, त्या जागी कापसासारखी पांढरी बुरशी. एकाचा ओठ इतक्या वेळा गळाने फाटलेला की तोंड मिटत नव्हते. मी टॉवेलने मासा धरायला सगळ्यांना शिकवले होते, निसटू नये म्हणून. त्यांच्या अंगावर टॉवेलने पुसल्याचाच आडवा पट्टा होता. तिथला बुळबुळीत लेप निघून गेलेला आणि बुरशी बरोबर त्या पट्ट्यात. तेव्हा मला कळले की आम्ही त्यांना मारणे सोडलेले नाही. फक्त आमच्यासमोर मारणे सोडले आहे.

कलम २. गळ. लांब कार्बनची काठी आणि मोठे रीळ यशदीपला द्यायचे होते. यशदीप माझा वर्गमित्र, मला एकदा या खदानीतून केस धरून ओढून काढणारा, आणि आज ट्रॅक्टरच्या चाकाची ट्यूब आणून देणारा. पण काकूंचे मत असे की साक्षीदाराला मृत्युपत्रात काही देऊ नये, भांडणे होतात.

"म्हणजे सही केली तर काठी नाही?" यशदीप म्हणाला.

"नाही."

"अन् सही नाही केली तर?"

"तर काठी तुही, पण मग साक्षीदार कोठून आणू, सात वाजता?"

त्याने काठी परत कोपऱ्यात उभी केली. "काठी घेऊन काय करू बे. तू नसशील तर मी गळ टाकीन का?" असे म्हणून त्याने पेन मागितले. मला त्या वेळी बाथरूमला जावे लागले.

म्हणून काठ्या कोणालाच नाहीत. मोडून टाकाव्या. दोन्ही रीळ स्पर्धा भरवणाऱ्या क्लबला द्यावे, त्यांचा वजनकाटा मी पाण्यात फेकला होता त्याच्या भरपाईत. गळाला लावायचा ढेप आणि सत्तूचा चारा बाल्कनीत डब्यात आहे. त्याला वास सुटला असेल, आईने हात लावू नये.

कलम ३. गंधाली. ती चौबे कॉलोनीत राहते आणि निरंजनदादाची सख्खी बहीण आहे. ती पहिल्यांदा स्पर्धेला आली तेव्हा माझ्या शेजारच्याने मोठा रोहू दांडक्याने मारला. तिने डोळे घट्ट मिटले आणि मला विचारले, "सोडून देता नाही येत का?" मी त्याच दिवशी मीटिंगमध्ये उभा राहिलो. इतका ओरडलो की नियम झाला. बॅनर तिने रंगवला. त्यावर एक हसणारा मासा आहे. त्यानंतर ती माझ्याशी स्वतःहून बोलायची. कॉलेज मी तिच्यामुळे सोडले असे बाबा म्हणतात. ते पूर्ण खरे नाही. पूर्ण खोटेही नाही.

मंगळवारचे फोटो घेऊन मी तिच्याकडे गेलो. ती मराठीत बोलता बोलता हिंदीवर गेली. ती दुखावली की हिंदीत जाते.

"दो-चार मरे होंगे शिशिर, गर्मी है। जो बचे वो नहीं दिखे तुमको?"

"तू एकदा चल ना तिकडं. मंगळवारी. रविवारी नाही दिसत ते."

"मुझसे नहीं देखा जाता।"

"मलेही नाही पाहवत, गंधाली."

तिने फोटो पाहिले नाहीत. त्यानंतर फोन उचलत नाही. मी तिला दोष देत नाही. तिने जे एक चांगले केले होते ते मी तिच्या हातातून काढून घ्यायला गेलो, आणि तेही आवाज चढवून.

माझ्या मालमत्तेतून तिला काही देत नाही, कारण तिला देण्याजोगे माझ्याकडे काही नाही. फक्त विनंती आहे. येत्या मंगळवारी तिने दुपारी बेशरमाच्या झुडपापर्यंत चालत जावे. आज माझे काम नीट झाले तर तिथे फार काही तरंगत नसेल. मग मागच्या महिन्यातल्या त्या मंगळवारचे माझे फोटो शेजारी ठेवून पाहावे. मी जिवंत असलो आणि ती मला सोबत घेऊन गेली तर हे कलम रद्द.

कलम ४. निरंजनदादा. मी त्याला मीटिंगमध्ये एवढेच म्हणालो की जो मासा येईल तो तिथल्या तिथे तोला आणि लगेच सोडा, पाच तास थैलीत कोंबू नका. वरचे पाणी मे महिन्यात चहासारखे होते.

तो म्हणाला, "एकेका माशामागे मी वजनकाटा घेऊन पळू काय? तू जावई आहेस का त्याचा?"

लोक हसले. जावई शब्दाला जरा जास्तच हसले, कारण सगळ्यांना ठाऊक आहे.

"थैली उचलली की ढीग दिसला पाहिजे. पाहुण्याचा फोटो ढिगासोबत येते, एका माशासोबत नाही. अन् मासे आहेत तेच आहेत, दर रविवारी. नवे टाकायचा खर्च नाही. नियम तर तूच आणला न, पोट्ट्या?"

यावर माझे डोके फिरले आणि मी वजनकाटा उचलून खदानीत फेकला. तो फेकायला नको होता. निरंजनदादा शांतपणे माझ्याजवळ आला आणि त्याने खांद्यावर हात ठेवला. हसत नव्हता. "पुन्हा या काठावर दिसला तर त्या वजनकाट्यामागे तुले टाकीन. पोहता येत नाही न तुले? मले माहीत आहे." तो माणूस ट्रक चालवणाऱ्यांशी रोज भांडतो. उगीच बोलत नाही.

मत्स्य विभागात अर्ज दिला. तिथले साहेब म्हणाले, अरे ते तर मासे सोडून देतात, किती चांगले आहे. मी जिथे जातो तिथे मला माझाच नियम ऐकवतात.

निरंजनदादाला मी माफ केलेले नाही. मृत्युपत्रात माफ करायची पद्धत आहे असे काकू म्हणतात. मला जमत नाही. पण त्याने मला पाण्यात पाहिले आणि काही झाले, तर त्यात गंधालीला ओढू नये.

कलम ५. आज काय करणार. साडेदहाच्या सुमाराला पाहुणे येतात, सगळे पोहे खायला मंडपाखाली जातात, गळ आणि थैल्या तशाच असतात. मी पलीकडच्या ढिगाऱ्यावरून उतरून ट्यूबवर पोट टेकून काठाकाठाने जाणार. एकेक नाडा ओढत. कापायचे काही नाही, कोणाचे नुकसान नाही, नाडा परत बांधता येतो. आज अंतिम स्पर्धा आहे, शिट्टीला थैल्या उचलतील आणि रिकाम्या निघतील. मग तिथेच पाण्यातून मी सांगणार की तोलायचे तर एकेक तोला. त्यानंतर जे होईल ते.

भीती कशाची आहे तेही लिहून ठेवतो, नंतर कोणी मला शूर म्हणू नये. निरंजनदादाची आहे. ट्यूब पंक्चर होण्याची आहे. सगळ्यात जास्त त्या पाण्याची आहे. दोन वर्षांपूर्वी मी माशाची जाळी धरायला एक पाऊल पुढे टाकले आणि खाली काहीच लागले नाही. पाणी हिरवे होते, मग काळे. तोंड उघडे राहिले, मिटताच येईना. काल आंघोळीला बादलीत तोंड घालून श्वास धरायचा सराव केला, आईने दार वाजवले तर किंचाळलो.

मी सापडलो तर लगेच बाहेर काढावे. उन्हात दगडावर ठेवू नये. फोटो काढू नये.

मासे खातील याचे मला भय नाही, असे आधी लिहिले होते. खोडले. आहे.

कलम ६. आई-बाबा. बाबा ड्यूटीवरून दुपारी येतील. बाबा, तुम्ही माझ्याशी बोलत नाही तरी रोज माझ्या मोटरसायकलची हवा पाहता, हे मला माहीत आहे. माझी पुस्तके विकू नका. परत गेलो असतो कॉलेजला, खरेच. आईला माझा फोन द्यावा. त्यात तिचे गाणे रेकॉर्ड केलेले आहे, तिला न सांगता. ते पुसू नये. तिला खरे काय ते यशदीपने समोर बसून सांगावे, फोनवर नाही.

हे मृत्युपत्र अमलात आणायचे काम विमलाकाकूंचे. हरकत असेल तर त्यांनी यशदीपला ओरडावे.

वरील मजकूर मी वाचून, समजून, न थरथरता लिहिला आहे असे म्हणता येणार नाही, पण वाचून आणि समजून लिहिला आहे.

सही: शिशिर अनंतराव मोहरील

साक्षीदार १: विमला गोविंद पाटणकर (मजकूर वाचला नाही, सही माझ्यासमोर केली. पोरा, जेवून जा.)

साक्षीदार २: यशदीप रामटेके

ठिकाण: रायपूर
दिनांक: १८ मे २०२५, रविवार

सह्या झाल्यावर लिहीत आहे, म्हणून हे कोर्टात चालणार नाही. यशदीप खाली गेला आहे, ट्यूब मोटरसायकलला बांधतो आहे. दोनदा हॉर्न वाजवला. आई पूजेला बसली आहे, घंटी ऐकू येते. ती उठली तर विचारील कुठे चाललास, आणि मला सांगता येणार नाही, आणि मग मी जाणारही नाही.

कागद तिच्या पोळ्यांच्या डब्याखाली ठेवतो. डबा ती दुपारी उघडते. तोवर काय ते झालेले असेल.

घराची किल्ली घरातच ठेवतो, पाण्यात पडेल. बाहेरून दार ओढले की आपोआप लागते. म्हणजे परत आलो तर मला बेल वाजवावी लागेल. मी ओला असेन, कदाचित मार खाल्लेला असेन, कोण आहे म्हणून विचारत बसू नका, उघडा.

उठलो. चपला घालत नाही, आवाज होतो. दार ओढून घेतो.