कमानीतलं रबर

रविवार, संध्याकाळ

खापरखेड्याच्या वीज केंद्रातल्या, कोळसा वाहणाऱ्या पट्ट्याची खडखड आज दिवसभर कानात आहे. त्या तालावर शाळेतल्या कविता म्हणत मी सगळी नोकरी काढली. निवृत्त होताना पट्ट्याच्या रबराचा एक टाकाऊ तुकडा घरी आणला, इतकी वर्षं जपला.

आणि त्याच रबराने नातीचा घात केला. मिनूने दोन मैत्रिणींबरोबर स्पर्धेसाठी केलेल्या रोबोटमध्ये गरगरणारं चाक चेंडू फेकतं. चेंडू वरच्या वाकड्या कमानीला घासत बाहेर पडतो. त्या कमानीला आतून काय लावायचं, एवढाच प्रश्न होता. चार दिवस चेंडू फेकून बघून तिने पातळ फोम ठरवला होता. मी म्हटलं, रबरासारखी पकड कशालाच नाही.

"आबा, हे जाड आहे ना. चेंडू दबून राहिला."

"मले शिकवतेस काय वं?" हसत म्हटलं, पण म्हटलंच. तिने फोम बाजूला ठेवला, मला रबर लावू दिलं.

आज सकाळी स्पर्धेच्या फेरीत तीन चेंडू कमानीतच अडकले. मिनूने माझ्याकडे बघितलंही नाही, परस्पर मैत्रिणीकडे गेली. उद्या शेवटची फेरी. खरंच पकडीसाठी लावलं का मी ते रबर? की माझा पट्टा पुन्हा एकदा कुठेतरी कामाला यावा म्हणून?

दार वाजलं. मिनू! आज येईलसं वाटलं नव्हतं. काखेत कमान, हातात फोम.

"आबा, चिकटवलं तरी कसं हे? आम्ही तिघी दुपारपासून ओढून राहिलो, निघूनच नाही राहिलं. बसा आता, तुम्हीच काढा."