खालच्या घाटाची बाटली

सांगली,
२३ जानेवारी २०२५

ती. चंद्राआत्यास,
क्षमाचा नमस्कार. इकडे सगळं ठीक. आईचा गुडघा आता बरा आहे. तू फोन उचलत नाहीस, म्हणून पत्र.

तुमच्या खालच्या घाटावरून मी बाटल्यांत पाण्या-गाळाचे नमुने नेले, तो दिवस अजून आठवतो. जाळी उपसली की काळा, तेलकट गाळ. हाताचा वास दोन दिवस गेला नाही. तू पदर नाकाला लावून ओरडलीस, "पोरी, हात घालू नगं त्यात! म्हस सुदिक तोंड लावत न्हाई."

कॉलेजात तो गाळ ट्रेमध्ये पसरला. लाल, लिबलिबीत किडे वळवळत होते. दुसरं काही नाही. मी शोधत होते कॅडिसमाशीची अळी. ती लगेच ओळखू येते. डोकं कडक, चकचकीत. छातीशी पायांच्या तीन जोड्या, शेपटाला दोन आकडे, अंगाभोवती वाळूचे कण चिकटवून केलेली नळी. घाण पाण्यात ती टिकत नाही. कारखान्याचा नाला नदीला मिळतो त्याच्या वरच्या अंगाला, दगडांखाली, अकरा मिळाल्या. तुमच्याकडे एकही नाही.

अहवालात मात्र तुमच्या घाटावर चार आहेत.

ग्रामसभेनंतर तुला मी म्हणाले, "सरांनी लिहायला लावलं." ते अर्धंच खरं. सर, आमचे विभागप्रमुख, एवढंच म्हणाले, "खालच्या बाटलीत काहीच कसं नाही? नीट बघा. मार्चमध्ये तुमची नेमणूक कायम व्हायची आहे." आणि निघून गेले. वरच्या बाटलीतल्या चार अळ्या चिमट्यानं उचलून खालच्या बाटलीत मी टाकल्या. मी. कुणी हात धरला नव्हता. त्यांच्या नळ्यांची वाळू तांबूस होती, तुमच्याकडे नुसता काळा गाळ. तेवढंही कुणी पाहिलं नाही.

त्याच अहवालावर पाणी स्वच्छ ठरलं आणि कारखान्याविरुद्धचा गावाचा अर्ज फेटाळला गेला.

मग तू पूजाच्या पायांचा फोटो पाठवलास, खाली एक अक्षर न लिहिता. मी जेवत होते. तुझ्या नातीचे, त्याच पाण्यानं आलेले ते फोड बघितले आणि मोरीत जाऊन ओकले. किळस फोडांची नव्हती, आत्या. स्वतःच्या बोटांची होती.

काल त्या अर्जाच्या चौकशी अधिकाऱ्यांना सगळं लेखी दिलं, माझ्या सहीनं. आज सरांनी टेबल रिकामं करायला सांगितलं. मंगळवारी अधिकारी गावात येतायत, सगळ्यांसमोर पुन्हा नमुने घ्यायला. मीही येणार आहे. काय केलं ते तिथं माझ्या तोंडानं सांगेन, पूजालाही. त्यानंतर घरात घ्यायचं की नाही, ते तू ठरव.

तुझ्या भावाची मुलगी,
क्षमा