बस थांबवणार नाही

ताईस, धाकट्याचा नमस्कार.

मी धडधाकट आहे, दोन वेळा जेवतोय. आई तुझ्याकडे नीट पोचली ना? तिचा गुडघा शेकत जा.

शत्रू नदीपर्यंत आलाय. माझी बस पुलावरून माणसं बाहेर काढते. पूल राखणारे कर्नल काल तोफगोळ्यानं गेले, त्यांच्या जागी आलेले मेजर आज सकाळी गेले. आणि राजधानीतून एक साहेब फोनवर सांगतात, "नवा अधिकारी येईपर्यंत बस थांबवा."

माझं टाळकंच सरकलं. "इस्पितळाच्या पायऱ्यांवर म्हातारी माणसं ताटकळलीत. तुम्हीच येऊन सांगा त्यांना!" म्हणत फोन आदळला.

पुलावरच्या हवालदाराला विचारलं, "सोडशील?"

"कर्नलसाहेब जाताना हेच म्हणाले, बस अडवू नका."

निघतोय. आईला म्हण, बस बिघडलीय, म्हणून यायला उशीर होतोय.

तुझा तापट भाऊ