साळूबाईची मांजर

२ फेब्रुवारी, रविवार
बदली होऊन वाटूरला आलो. टेम्पोतून सामान उतरवेपर्यंत दुपार झाली, पण घर बघून शीण गेला. दोन खोल्या, पुढे ओटा, तीन पायऱ्या आणि पायऱ्यांखाली ऐसपैस अंगण. भूकरमापक म्हणून आयुष्यभर दुसऱ्यांच्या जमिनी मोजल्या. आज पहिल्यांदा आपल्या दारात टेप धरला. पंधरा बाय बावीस फूट. भाड्याचं का होईना! लगेच कुदळ काढली आणि मेथीचे दोन वाफे केले. मीना आणि आमची सहा वर्षांची प्रियदर्शनी परीक्षा आटोपल्यावर एप्रिलात येतील. शेजारी काकासाहेब आणि साळूबाई हे साठीचं जोडपं राहतं, मूलबाळ नाही. साळूबाईंनी भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी आणून दिली. माणसं लाख मोलाची दिसतात.

७ फेब्रुवारी, शुक्रवार
मेथी वर आली होती. सकाळी बघतो तर अर्धा वाफा उकरलेला, मधोमध घाण. साळूबाईंच्या तीन मांजरी आहेत. त्यातली राखाडी, डावा कान फाटलेली, चिंगी नावाची, ती सगळ्यांत बेरकी. मी हाकललं तर जागची हलली नाही, नुसती बघत राहिली. शेजारी सांगून आलो. साळूबाई हसल्या, म्हणाल्या, तुम्ही येण्याच्या आधीपासून ती तिथंच जाते.

१२ फेब्रुवारी, बुधवार
बाभळीच्या फांद्या अंथरल्या, वर मिरचीपूड टाकली. बाकीच्या दोघी यायच्या थांबल्या. चिंगी काट्यांतून वाट काढून येते. आज ओट्यावर वाळत घातलेल्या माझ्या ऑफिसच्या पँटवर घाण केली. पँट घेऊन तसाच शेजारी गेलो. आवाज चढला, कबूल करतो. मांजर तुमच्या हद्दीत ठेवा म्हणालो. साळूबाई चुलीपुढून उठल्यासुद्धा नाहीत.
"जनावराला हद्द काय कळून राह्यली, साहेब? तुम्ही मोजणीवाले ना, मंग द्या तिला मोजून."
काकासाहेब हसले. गल्लीतली दोन माणसंही हसली.

१४ फेब्रुवारी, शुक्रवार
चिंगीला दुधाच्या वाटीवर पकडलं, खोक्यात घातलं आणि गाडीवरून आष्टीच्या बाजारात सोडून आलो. संध्याकाळी साळूबाई विचारायला आल्या. बघितली नाही म्हणालो.

१८ फेब्रुवारी, मंगळवार
आली. दुपारी बाराला फाटकातून, लंगडत, बरगड्या निघालेल्या. आधी आपल्या घरी गेली नाही. सरळ माझ्या वाफ्यात आली आणि उकरायला लागली. साळूबाई धावत आल्या, तिला पदरात घेऊन रडल्या. चार दिवस अन्न गोड लागलं नव्हतं म्हणे. मला जरा वाईट वाटलं. पण मग वाफा बघितला. एक रोप उभं नाही.

१९ फेब्रुवारी, बुधवार
रजा टाकली. दुपारी शेजारचे दोघं हरभरा काढायला गेल्यावर तिला परत दुधावर बोलावलं. आली. आष्टीनंतरही आली. बदलीच्या सामानातलं पोतं होतं, त्यात घातली, सुतळीनं तोंड बांधलं. आमच्या घरामागं शंभर पावलांवर काकासाहेबांची विहीर आहे, कठडा नसलेली. पोतं जड नव्हतं. आत ती ओरडतसुद्धा नव्हती, नुसती अंग आखडून बसली होती. हात सैल सोडला.
परत येऊन वाफे नव्यानं केले, बी टाकलं.

२१ फेब्रुवारी, शुक्रवार
साळूबाई काल दिवसभर हाका मारत होत्या. आज दुपारी जेवायला घरी आलो तर चिंगी खालच्या पायरीवर बसलेली. चिंब भिजलेली. सुटली कशी? केरसुणी घेऊन धावलो. पायरीवर कोणी नव्हतं, नुसतं पाणी होतं. बोट लावून वास घेतला. शेवाळाचा.

२३ फेब्रुवारी, रविवार
आज मधल्या पायरीवर.
दुपारी काकासाहेब फाटकाशी आले, हातात पोतं. विहिरीतल्या मोटारीच्या पाइपाला अडकलं होतं. पोत्यावर निळ्या रंगात माझंच नाव, सामान हरवू नये म्हणून मीच लिहिलेलं. त्यांनी सुतळी कापली. आत चिंगी होती. फुगलेली, फाटका कान, दात दिसत होते. साळूबाई सगळ्या गल्लीसमोर बोलल्या.
"आष्टीवरून चालत आल्ती ती. पाय सोलले होते तिचे. तुम्ही मेलात तरी आम्ही तुमच्या दारात पाय ठेवणार न्हाई."
त्या बोलत असताना माझ्या पाठीमागं पायरीवर पाणी ठिबकत होतं. मी ऐकत होतो. त्यांच्यापैकी कोणीही तिकडं बघितलं नाही.

२४ फेब्रुवारी, सोमवार
पडलो. सकाळी ऑफिसला निघताना वरच्या पायरीवर ओल होती. उजवा पाय घोट्याजवळ मोडला. काकासाहेब दहा पावलांवर कडबा तोडत होते, तोडतच राहिले. अर्ध्या तासानं दूधवाल्या सूरजनं उचललं, परतूरला नेलं. गुडघ्यापर्यंत प्लास्टर. मीनाला फोन केला. येते म्हणाली. प्रियूला आणू नको म्हणालो. कोणाकडं ठेवू, म्हणाली. मी फोन ठेवला.

२६ फेब्रुवारी, बुधवार
दोघी आल्या. घरात आवाज आला, बरं वाटलं. खाट खिडकीशी लावून घेतली. इथून अंगण दिसतं. आज पायऱ्या कोरड्या आहेत. तिन्ही मोजल्या. मनाचे खेळ असतील.

२७ फेब्रुवारी, गुरुवार
मीना ओरडत होती, नवा टॉवेल भिजवला म्हणून. प्रियू म्हणाली, मांजरीला पुसलं. किती पुसलं तरी ती वाळतच नाही.
मीनानं टॉवेल पिळला. हिरवट पाणी. मीना म्हणाली, इथं तर मांजरच नाही.
मी प्रियूला जवळ घेऊन विचारलं, कान कसा होता. तिनं माझा डावा कान धरला आणि मधोमध बोट ठेवलं.
मीनाला सगळं सांगितलं. पोतं, विहीर, सगळं. ती म्हणाली, उद्या औषधं आणते आणि परवाच निघू. माझ्याकडं बघेना.

२८ फेब्रुवारी, शुक्रवार
मीना औषधं आणायला फाट्यावर गेली. प्रियूला माझ्याजवळ बसवलं. दाराला कडी. ती चित्र काढते आहे.

डुलकी लागली. औषधाची गुंगी. खाटेजवळ प्रियू नाही. दार उघडं —

अंगणात आहे. दिसते. पायरीशी उकिडवी बसून हात पुढं करते आहे. मी हाक मारली, तिनं हात हलवला. ती हसते आहे. हाताखाली काहीतरी आहे, मला नुसतं ओलं दिसतं —

फोन स्वयंपाकघरात चार्जिंगला. उठलो, पडलो. परत खाट धरली. पाय —

फाटक उघडं. वाफ्यातून ओले ठसे, पुढं प्रियूचे. घरामागं वळले. विहिरीकडं.

काकासाहेबांना ओरडून हाका मारतोय. साळूबाई ओट्यावरच आहेत, इथून दिसतात. शेंगा सोलतायत. मान वर करत नाहीत. पाया पडतो, ओरडलो, पोरीसाठी — माझ्यासाठी नको, पोरीसाठी — त्या उठल्या. सूप उचललं. आत गेल्या. दार —

मीना आली फाटकाशी. प्रियू कुठंय, विचारते. मी विहिरीच्या दिशेनं हात दाखवतोय. ती पळाली —

घरामागून मीनाची हाक. एकदा. परत. तिसरी हाक अर्ध्यातच —

खिडकीच्या गजावर पाणी. आत येतंय —