आश्लेषा, मी तिथे जाऊन आले

नोव्हाय, मिशिगन
मंगळवार, १४ नोव्हेंबर २००६

चि. आश्लेषा हिस,
अनेक आशीर्वाद.

पत्र बघून तुला आश्चर्य वाटेल. फोनच करणार होते, पण माझा आवाज ऐकून तू फोन ठेवला असतास तर मला पुन्हा धीर झाला नसता. कागदावर निदान खोडता येतं.

मी सप्टेंबरच्या शेवटी इथे आले. तब्येत बरी आहे, थंडीनं गुडघे तेवढे धरतात. तुझी खिडकीतली तुळस जगली, कढीपत्ता मात्र गेला. शंतनू सकाळी सातला ऑफिसला जातो, सहाला येतो. मधले अकरा तास मी घरातल्या घरात फिरते. बाहेर माणूस दिसत नाही. पोस्टाची गाडी यायच्या वेळी मी मुद्दाम दारात उभी राहते, कारण तो पोस्टमन हात करतो.

तू प्रोजेक्टसाठी शिकागोजवळ शॉमबर्गला गेली आहेस आणि दिवाळीला येशील, असं शंतनूनं मला सांगितलं होतं. मी चकल्या केल्या, तुला आवडतो तसा पातळ पोह्यांचा चिवडा केला. लक्ष्मीपूजन शनिवारी आलं. तू आली नाहीस. पूजा झाल्यावर मी पानं घ्यायला उठले, तर शंतनू म्हणाला, "आई, आज बाहेर जाऊ." आणि मला तुमच्या त्या स्टेकहाऊसमध्ये घेऊन गेला.

आजच्या दिवशी? असं अगदी ओठांवर आलं होतं. त्याचा चेहरा बघितला आणि शाल घेऊन निघाले.

दारात हातात ते लाल दिव्यांचं यंत्र दिलं. आपला नंबर लागल्यावर ते थरथरलं, तशी मी घाबरून ते खालीच टाकलं. शंतनू हसला. मी आल्यापासून पहिल्यांदाच. आत मांसाचा वास, मोठ्यानं गाणी, शेजारी आजी-आजोबांसकट आठ जणांचं कुटुंब. माझ्यासाठी त्यानं भाजलेला बटाटा मागवला. तो मी नुसतं मीठ लावून खाल्ला. त्याच्या ताटाकडे बघितलं नाही.

तिथली वाढणारी बाई, डार्लीन, पाण्याचे तीन ग्लास घेऊन आली होती. "आश कुठे आहे?" तिनं विचारलं. एवढं इंग्रजी मला कळतं. शंतनू म्हणाला, "शिकागोला. प्रोजेक्ट आहे." मला सांगितलं होतं अगदी तसंच, त्याच सुरात. तेव्हा माझ्या लक्षात आलं, प्रोजेक्ट वगैरे काही नाही. डार्लीननं तिसरा ग्लास उचलून नेला.

त्यानंतर दोन-अडीच आठवडे मी त्याला काही विचारलं नाही. भीती वाटत होती. उत्तर मला आधीच माहीत होतं, म्हणून.

गेल्या बुधवारी दुपारी मी एकटी तिथे गेले. तसं जवळ आहे, पण चालायला फुटपाथ नाही. साडी खोचली, शंतनूचे बूट घातले आणि रस्त्याकडेच्या गवतातून गेले. गाड्यांतली माणसं वळून बघत होती. चार वाजले होते, आत गिऱ्हाईक नव्हतं. डार्लीननं मला ओळखलं. मी म्हटलं, "आश व्हाय गो? यू नो?"

ती माझ्यासमोर बसली. सावकाश बोलली, तरी अर्धंच कळलं. एप्रिलमध्ये तू एक दिवस तिथे एकटी आली होतीस. कोट काढला नाहीस. सूप मागवलंस आणि त्याला हात लावला नाहीस. डार्लीन काम सोडून तुझ्याजवळ बसून राहिली. तू तिला म्हणालीस, "त्यांना वाटतं, माझं बाळ माझ्यामुळे गेलं."

हे मला पूर्ण कळलं.

आता लिहिते. दोन पानं मी तेच टाळत आले. फेब्रुवारीत तुझा चौथ्या महिन्यात गर्भपात झाला. तुम्ही दर शनिवारी तिथे जेवता, हे शंतनू त्याच्या आदल्याच आठवड्यात मला सहज सांगून गेला होता. तिसऱ्या दिवशी मी फोनवर तुला म्हणाले, "असलं मांस पोटात घातल्यावर पोटात काय टिकणार?" बोलले तसंच लिहिलं आहे. एक शब्द कमी केलेला नाही.

तुझे सासरे जाऊन तेव्हा पाच महिने झाले होते. घरात मी एकटी, बोलायला भिंती. नातवंडाची बातमी आल्यापासून सकाळी उठावंसं वाटायला लागलं होतं. हे कारण म्हणून सांगत नाही. असं तोंडातून गेल्यावर कसलं कारण?

आणखी एक. शंतनूच्या आधी माझंही एक असंच गेलं होतं. हे त्याला माहीत नाही. तेव्हा माझ्या सासूबाई मला एक शब्द बोलल्या नाहीत. आठवडाभर रोज माझे केस विंचरून दिले. मला इतकं चांगलं मिळालं होतं, आश्लेषा, आणि मी तुला काय दिलं?

डार्लीनला भेटून आले त्या संध्याकाळी मी शंतनूला विचारलं, "मी आश्लेषाला फोनवर काय बोलले, तुला ठाऊक आहे?"

"हो."

"तिनं सांगितलं?"

"नाही. फोन स्पीकरवर होता, आई."

"मग तू काही बोलला का नाहीस?"

तो बराच वेळ नळाखाली एकच ताटली धूत राहिला. मग म्हणाला, "ती माझ्याकडे बघत होती. मी टीव्हीचा आवाज कमी केला. बस. एवढंच केलं मी."

त्याला जवळ घ्यावंसंही वाटलं आणि एक ठेवून द्यावीशीही वाटली. दोन्ही केलं नाही.

परवाच्या शनिवारी आम्ही पुन्हा तिथे गेलो. डार्लीननं काही विचारलं नव्हतं. शंतनूच आपण होऊन म्हणाला, "आश मला सोडून गेली. चूक माझी होती." तिनं त्याच्या खांद्यावर हात ठेवला. त्यानं मांस कापलं आणि तसंच ठेवलं. डबा बांधून देऊ का विचारलं, तर नको म्हणाला.

तुझा पत्ता मी त्याच्याकडूनच घेतला. परत ये असं सांगायला मी हे लिहीत नाही. त्यानं सांगायचं ते तो सांगेल, जमलं तर. तू ऐकायचं की नाही, ते तुझं. मला फक्त एवढं म्हणायचं आहे, की बाळ तुझ्यामुळे गेलं नाही. तू काही खाल्लंस म्हणून गेलं नाही. मी तुला बोलले ते खोटं होतं, आणि ते तुला सगळ्यात जास्त लागेल अशा वेळी बोलले. मला त्याची लाज वाटते.

रविवारी, ३ डिसेंबरला मी परत निघते. विमान शिकागोला बदलायचं आहे. दुपारी एकपासून साडेपाचपर्यंत मी तिथे आहे. एका टर्मिनलमधून बाहेर पडून दुसऱ्या टर्मिनलला जायचं, असं शंतनूनं कागदावर लिहून दिलं आहे. ये म्हणत नाही. तेवढा वेळ मी तुझ्या गावाजवळ असेन, हे तुला माहीत असावं.

थंडी वाढली आहे. जपून राहा.

आजवर पत्राखाली 'आई' असंच लिहीत आले. या वेळी तुला विचारल्याशिवाय ते लिहवत नाही.

पद्मिनी