कूलरमधली भरती

१२ मे
आले बाई एकदाची अकोल्याला! मी, तीन वर्षांची अबोली अन् तिवस्याहून टेम्पोभर सामान. नवरा, श्याम, सुट्टी मिळाली की येईल. किनाऱ्यावर समुद्राचं तापमान आणि पातळी मोजणारी यंत्रं इथल्या कार्यशाळेत साफ करायला अन् तपासायला येतात, तेच माझं काम. अकोल्यात समुद्राची नोकरी, म्हणून माहेरी सगळे हसले. हसू देत! घरमालकीण पार्वताबाईंनी खोलीत भला मोठा कूलर लावून दिला. अबोली त्याच्यापुढे तोंड उघडून ‘आऽऽ’ करते, आवाज थरथरला की खिदळते.

१४ मे
शी! काय घाण काम आहे. यंत्रांवर शेवाळ, चिकट गोळे आणि पांढऱ्या टणक खवल्यांचा थर. प्रत्येक खवल्याला बारीकसं तोंड. खरवडलं की पिवळं पाणी गळतं. जेवणाचा डबा तसाच परत आणला. सोबतचे धर्मपालभाऊ यंत्रं आधी गच्चीवर उन्हात वाळवतात. वाळलं की ते मरतं, मग निघतं म्हणे. एवढा धीर कोणाला? मी ओलंच खरवडलं.
नळ आठवड्यातून एकदा येतो. यंत्रांच्या शेवटच्या धुण्याचं पाणी स्वच्छ दिसलं, म्हणून दोन कॅन घरी आणले. पार्वताबाई खूश. पानी काहून फेकून राहिले तुमी लोक, कूलरमंदी टाकत जा, म्हणाल्या. टाकलं.

१८ मे
खोलीत सडक्या मासळीचा वास. आमच्याकडे अंडंही शिजत नाही! कूलरचं गवत उपसलं, तर काडीकाडीवर तेच पांढरे खवले. बोट लावलं तशी तोंडं मिटली. मोरीत जाऊन ओकले.
टाकीत सकाळी वीतभर पाणी होतं, दुपारी काठोकाठ. कोणी ओतलं नव्हतं. धर्मपालभाऊंनी कार्यशाळेतल्या भरती-ओहोटीच्या तक्त्यात पाहून सांगितलं, कोकणात भरतीची तीच वेळ. कूलर उचलून गच्चीवर उन्हात टाकला. बला टळली.

२० मे
अबोलीच्या मानेवर पुरळ. डॉक्टर म्हणाले, या उन्हात घामोळं येणारच. पार्वताबाईंनी मुलतानी माती लावली. मी माती धुतली. बोट लागताच एकेक पुळी मिटली.

२१ मे
पाठभर पसरलं. नाकातून पिवळं, चिकट. दवाखान्यात नेलं की ती तोंडं मिटून बसतात, नुसत्या पुळ्या दिसतात. पोटच्या पोरीची मला किळस येते. जवळ घेताना अंग आक्रसतं, देवा! पाणी प्यायली की थर वाढतो.
वाळवायचं. पाणी बंद.

२२ मे
गच्चीवर चटई. अबोलीचं एकच, आई पानी, आई पानी— पार्वताबाई गच्चीचं दार बडवून राहिल्या, लेकराले मारतं का वं सटवे! कडी काढली नाही.
तडकला! थर तडकला. मान साफ. पाठ साफ— खाली गुलाबी कातडं. माझी बाय ती!

दुपार
ओठ फाटलेत तिचे. पेला लावला. पी बाई, आता हवं तेवढं पी—
गिळत नाही. पाणी आपोआप आत जातंय.
जिभेमागे पांढरं. घसा भरून. सगळी तोंडं उघडी—
श्वास अडलाय तिचा. निळी पडतेय. बोट घालून ओढून काढायला हवं, आत्ता, मी लिहीत काय बसलेय, हात पुढे— जात नाही— शी— अबोली, मला किळस