आत्यांची मिश्री आणि पुण्याचा ब्रश

३ नोव्हें., सोम.
सासूबाईंना, म्हणजे आमच्या आत्यांना, दातांच्या डॉ.कडे नेलं. खालच्या ओठाच्या आत पांढरा चट्टा. डॉ.नी स्पष्ट सांगितलं, मिश्री आजपासून बंद, बोटानं हिरड्या घासणं बंद. पंधरा दिवसांत चट्टा गेला नाही तर तुकडा काढून तपासायला पाठवायचा. रिक्षात बसल्या बसल्या आत्या: "चाळीस वर्सं लावतीय, यालाच बरा चट्टा दिसला." यांना फोन केला तर म्हणे, "तू बघ ना जरा." बघतेच आहे की! लग्न झाल्यापासून बघतेय.

घरी आल्यावर डबी मागितली. "न्हाय की माझ्याकडं." आणि स्वयंपाकघरात तंबाखू भाजल्याचा वास. तवा अजून गरम.

६ नोव्हें., गुरु.
धाकट्या भावजींनी पुण्याहून ब्रश पाठवला. चार्जिंगचा, मोबाईलला जोडायचा. किती वेळ घासलं, कुठं राहिलं, सगळं मोजून शंभरपैकी मार्क देतो. ॲप माझ्या फोनवर, आकडा भावजींना पुण्यात दिसतो. "वहिनी, आईला सवय लागेल बघा." त्यांचं काय जातंय सांगायला. शिकवायचं मी. तासभर गेला. ब्रश गुरगुरला की आत्या "अय्यो!" करून बेसिनमध्ये टाकतात. पहिला आकडा ३१.

९ नोव्हें., रवि.
८८! काय जादू झाली कळेना. बाथरूमचं दार लावून घेतात, दोन मिनिटं पुरी. साडेसातला भावजींचा फोन, "शाबास आई!" आत्या दिवसभर खूश. शेजारच्या काकूंना सांगून आल्या. मी तीन दिवस घसा फोडला त्याचं कुणाला काही नाही.

११, मंगळ.
९३. पुन्हा फोन. हे म्हणतात, "बघ, महेशनं कसं जमवलं." जमवलं म्हणे! पोळ्या जरा जास्त जोरात लाटल्या.

१४, शुक्र.
कप्पाळ माझं. ब्रश धुवायला घेतला तर केस काळेकुट्ट, बेसिनमध्ये काळं पाणी. बाई मिश्री लावून ब्रश फिरवतात! विचारलं तर तोंड वर करून, "बोटानं लावू नका म्हनला की डाक्टर. बोट कुटं लावलं मी? यानं दाढंपत्तुर जाती."

आणि त्या मशीनला काय कळतंय, वर पेस्ट आहे का मिश्री. दोन मिनिटं फिरला, दे ९४.

अशी ओरडले की वरच्या मजल्यावरच्या बाई खाली डोकावल्या. आत्या हळूच, "मिश्रीबिगर दोन मिन्टं उभं ऱ्हाववत न्हाय गं शैला. हात चालत न्हाय. आन् आकडा बरा आला की म्हयेश रोज फोन करतोय. आदी सणाला एक करायचा."

माझा राग गेला. तासाभरानं दुप्पट होऊन परत आला, पण भावजींवर.

१५, शनि.
भावजींना सांगायचं ठरवलं. सकाळी फोन आला तेव्हा आत्या पदर तोंडाला लावून हसत होत्या. नाही सांगितलं. मूर्ख मी.

१८, मंगळ.
डॉ.कडे गेलो. चट्टा वाढलाय. "मिश्री बंद आहे ना?" आत्या माझ्याकडे बघतात, मी भिंतीवरच्या दातांच्या चित्राकडे. शेवटी मीच सांगितलं. डॉ.नी लगेच वही ओढून तारीख लिहिली. शुक्रवारी अकराला तुकडा काढणार.

चार दिवस. मला माहीत असून चार दिवस लावू दिली. माझं मला तोंड दाखवावंसं वाटत नाही.

संध्याकाळी भावजींना सगळं सांगितलं. ते एकदम, "म्हणजे मी रोज सकाळी वेड्यासारखा कौतुक करत होतो? तुम्ही सगळे हसत होता?" म्हटलं, भावजी, कोणी हसत नाही हो, त्यांना तुमचा फोन हवा असतो. तोवर फोन ठेवला होता. हे टीव्हीचा आवाज कमी करून म्हणतात, "काय झालं?" काही नाही झालं!

२०, गुरु.
सकाळी आत्यांनी डबी स्वतःहून माझ्या हातात दिली. नुसत्या पेस्टनं घासलं, दार उघडं ठेवून. मधे दोनदा थांबल्या, पण पूर्ण केलं. आकडा ५२. त्या ३१ नंतरचा खरा आकडा हा पहिलाच.

मग मोबाईल मांडीवर घेऊन बसल्या. साडेसात झाले. आठ झाले. चहा निवला.

"आकडा कमी आला म्हनून केला न्हाय व्हय त्यानं?"

नाही हो आत्या, कामात असतील, म्हटलं. उठून आत आले आणि भावजींना लावला. तीनदा. उचलत नाहीत. बाहेरून आत्यांचा आवाज, "उद्या आनखी नीट घासीन म्हनावं."